अंगावरची तांबडी गाठ

(मंडळाच्या वर्धापनदिनी रबाळे येथे दिलेल्या भाषणाचे टिपण)



वर्धापनदिनासारख्या मंगल प्रसंगी चार शब्द बोला असे मला सांगण्यात आले, आणि मी विषय निवडला तो अंगावर उठणाऱ्या गाठींचा! आमच्या चिटणीसबाईंनी विषय ऐकला तेव्हा त्या क्षणभर गप्पच झाल्या. हळदीकुंकवाच्या तबकाशेजारी बसून गळवांच्या नि पुळ्यांच्या गोष्टी कोण करतो? पण मी डॉक्टर नसले तरी परिचारिका म्हणून जन्म घालवला आहे, आणि त्या सर्व वर्षांत बायका माझ्याशी कानात कुजबुजल्या त्या बहुतेक अशाच गोष्टी होत्या. कुजबुजून विचारायचे ते आज उघड बोलू, एवढाच माझा हेतू.

आपल्या आज्यांना औषधे थोडी ठाऊक होती, पण नावे पुष्कळ ठाऊक होती. पुळी वेगळी, फोड वेगळा, करट वेगळे. केसाच्या मुळाशी आले तर केसतूड, काखेत आले तर काखमांजरी, जांघेत गाठ आली तर अवधाण. नखाशी ठणकले तर नखुर्डे, पापणीला आली तर रांजणवाडी. अंगभर उठल्या त्या गांधी, पट्टा उठला ती नागीण, आणि पसरत जाणारी लाली ते धावरे. एकेका शब्दात जागा, दुखण्याची तऱ्हा आणि पुढे काय होणार ह्याचा अंदाज असे. आपण शिकलो सवरलो आणि आपल्याकडे दोनच शब्द उरले : एक ‘उष्णता’ आणि दुसरा ‘ॲलर्जी’. हे दोन शब्द उच्चारले की पुढचा विचार थांबतो. ताक प्यावे किंवा दुकानातून गोळी आणावी, आणि कामाला लागावे. माझी तक्रार आहे ती ह्या दोन शब्दांविरुद्ध. तांबडी गाठ हा काही एक रोग नव्हे. ती दारावरची थाप आहे. कोण आले आहे ते दार उघडून पाहावे लागते.

आता अगदी सोप्यापासून सुरुवात करू. खाडीकाठच्या गावात राहायचे म्हणजे डासांशी घरोबा आलाच. डास, ढेकूण, पिसू ह्यांच्या चाव्याची गाठ खाजते, मध्ये बारीक टिंब दिसते आणि दोनचार दिवसांत बसते. ढेकणाचे चावे पुष्कळदा रांगेने असतात. हात खाजवून खाजवून नख लागते आणि त्या जखमेतून पुढे पू होतो, तेव्हा मुलांची नखे कापणे हे अर्धे औषध आहे. पण घरातल्या दोघाचौघांना एकदमच खाज सुटली, ती रात्री वाढली, आणि बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुरळ दिसले, तर ती खरूज समजावी. तिथे एकट्याने औषध लावून भागत नाही. घरातल्या सर्वांनी एकाच दिवशी लावायचे आणि कपडे, चादरी गरम पाण्याने धुवायच्या.

गांधी उठतात त्यांचा स्वभाव निराळा. त्या फुगीर, तांबूस, मधूनच पांढरट असतात आणि जागा बदलतात. सकाळी दंडावर, दुपारी मांडीवर. इथे मी तुम्हांला एक युक्ती सांगते. मुलाच्या दप्तरातले पेन घ्यावे आणि गाठीच्या कडेने अंगावर रेघ ओढावी. दुसऱ्या दिवशी त्या रेघेतली गाठ नाहीशी होऊन दुसरीकडे उठली असेल तर त्या गांधी. गाठ तिथेच असेल तर गांधी नव्हेत. आणि लाली रेघ ओलांडून बाहेर पसरली असेल, जागा गरम लागत असेल, अंगात कणकण असेल, तर ते धावरे किंवा त्याच्या जातीचे कातडीखालचे पसरते दुखणे. त्याला त्याच दिवशी डॉक्टर दाखवला पाहिजे. पेनाची ही रेघ डॉक्टरांनाही उपयोगी पडते. बाईने ‘कालपासून वाढलंय हो’ म्हणण्यापेक्षा रेघ दाखवावी, वाद राहत नाही.

गांधी उठण्यास कोळंबी, अंडे, शेंगदाणा, एखादे औषध, अंगातला जंतुविकार अशी कितीतरी निमित्ते असतात, आणि अनेकदा कारण सापडतच नाही. पण गांधीबरोबर ओठ किंवा जीभ सुजली, आवाज बसला, श्वास लागला, चक्कर आली, तर कारण शोधत बसू नये. गांधीलमाशी चावल्यावर किंवा इंजेक्शन घेतल्यावर असे झाले तर एकेक मिनिट मोलाचे असते. तेव्हा कांदा चोळायचा नाही, सरळ रुग्णालय गाठायचे.

आपल्या रबाळ्याची म्हणून काही खास कारणे आहेत. एका बाजूला ठाण्याची खाडी, दुसऱ्या बाजूला पारसिकचा डोंगर आणि मध्ये कारखाने. पूर्वी इथे खाजणे आणि मिठागरे होती, आज रेल्वेस्टेशन नि मोठमोठ्या इमारती आहेत, पण निवटी आणि चिंबोऱ्या साफ करणारे हात अजून आपल्यातच आहेत. मासळीचा काटा किंवा चिंबोरीची नांगी बोटात रुतली आणि दोनतीन दिवसांनी ते बोट जांभळट तांबडे होऊन ठणकू लागले, तर ते नुसते ‘काटा लागला’ नव्हे. मासळीवर राहणाऱ्या एका जंतूपासून हा विकार होतो. मासळी विकणाऱ्या, कोळंबी सोलणाऱ्या आणि खाटकाच्या धंद्यातल्या माणसांत तो जगभर दिसतो. पेनिसिलीनच्या जातीच्या औषधाने तो बरा होतो, मात्र डॉक्टरला ‘मी मासळी साफ करते’ हे आपण होऊन सांगितले पाहिजे. फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या काही भगिनींना ते सांगायची लाज वाटते असे मी पाहिले आहे. लाज कसली? ज्या हातांनी घर उभे केले ते हात ते!

शेवग्याच्या झाडावरचे सुरवंट सर्वांना ठाऊक आहेत. त्यांचे केस कातडीत रुततात. तिथे चोळू नये. चिकटपट्टी हलकेच लावून ओढावी म्हणजे केस निघतात, मग साबणाने धुवावे. पावसाळ्यात दिव्यापाशी एक बारीक, लांबट, तांबडाकाळा किडा येतो. तो चावत नाही, पण मानेवर चिरडला गेला तर त्याच्या रसाने दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखा तांबडा पट्टा उठतो. तो अंगावर बसला तर चापट मारू नये, फुंकून उडवावा. बिबवा उतला म्हणजे कातडीची काय दशा होते हे जुन्या बायकांना सांगायला नको. आजचे बिबवे निराळे आहेत : केसांचा काळा कलप, खोट्या दागिन्यांतले निकेल, टिकलीचा गोंद. कानाच्या पाळीला किंवा मंगळसूत्राच्या खाली सतत पुरळ येत असेल तर दृष्ट काढण्याआधी दागिना काढून पाहावा. घरातले कोणी औद्योगिक वसाहतीत रसायनांशी किंवा बांधकामावर सिमेंटशी काम करत असेल, तर त्यांचे कामाचे कपडे मुलांच्या कपड्यांत मिसळून धुऊ नयेत.

आषाढ-श्रावणात डोंगराला रानभाज्या आणायला जाणाऱ्यांसाठी आणखी एक. गवताझुडपांतल्या अगदी बारीक किड्याच्या चाव्याने स्क्रब टायफस नावाचा ताप येतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपुराकडे ह्या तापाने माणसे दगावली. ह्याची खूण म्हणजे अंगावर कुठेतरी, बहुधा काखेत, कमरेला किंवा जांघेत, मध्ये काळी खपली आणि भोवती तांबडी कड असा एक डाग. तो दुखत नाही, म्हणून कुणाचे लक्ष जात नाही. ताप उतरत नसेल तर न्हाणीघरात एकदा सर्व अंग नीट पाहावे, आणि डाग सापडला तर तो डॉक्टरला दाखवावा. वेळीच ओळखले तर औषध साधे आहे.

आता गळवाकडे वळते. करट, केसतूड, गळू ही एकाच कुटुंबातली भावंडे. केसाच्या मुळाशी जंतू शिरतात, गाठ तांबडी, कठीण, ठणकती होते, मग पिकते. आपल्या आज्या जवसाचे किंवा कणकेचे पोटीस बांधत. त्यात गुण होता, पण तो जवसाचा नव्हता, उबेचा होता. स्वच्छ फडके गरम पाण्यात पिळून दिवसातून तीनचार वेळा दहा-पंधरा मिनिटे शेकावे, म्हणजे तेच काम होते. चुना-गूळ, मशेरी, राख, रॉकेल ह्यांनी मात्र कातडी जळते. आणि पिळू नये, पिळू नये, पिळू नये! पिळल्याने निम्मा पू बाहेर येतो आणि निम्मा आत ढकलला जातो. नाक आणि वरचा ओठ ह्या भागातली पुळी तर कदापि दाबू नये, कारण तिथल्या रक्तवाहिन्यांचा संबंध आत मेंदूकडील रक्तवाहिन्यांशी आहे. गळू मोठे असेल तर डॉक्टर स्वच्छ चीर देऊन पू काढतात. शेजारणीच्या ब्लेडने ते काम करू नये, मग ती शेजारीण कितीही धीट असो.

एक गळू बरे होते न होते तोच दुसरे येते, तेव्हा ‘आंबे फार खाल्ले’ म्हणू नये. रक्तातली साखर तपासून घ्यावी. मधुमेह पुष्कळदा पहिल्याने असाच कळतो. ज्यांच्या काखेत आणि जांघेत वर्षानुवर्षे गाठी येतात, फुटतात, व्रण राहतात, त्यांचा तो अस्वच्छपणा नव्हे. तो एक स्वतंत्र चिवट विकार आहे आणि त्वचेच्या डॉक्टरकडे त्याला औषध आहे. ‘नीट आंघोळ करत जा’ एवढाच सल्ला सासरी ऐकून गप्प बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

दुकानातल्या मलमांबद्दल थोडे कडक बोलणार आहे. नायटा झाला, गजकर्ण झाले, लाल चकंदळ उठले, की आपण औषधाच्या दुकानात जाऊन ‘खाजेची ट्यूब’ मागतो. तिच्यात पुष्कळदा स्टिरॉइड असते. लावल्याबरोबर लाली जाते, खाज जाते, बाई खूष. पण नायट्याची बुरशी मरत नाही, ती आत निवांत पसरते, आणि आज आपल्या देशात नायटा औषधांना दाद देईनासा झाला आहे त्याचे एक मोठे कारण त्वचारोगतज्ज्ञ ह्या ट्यूबा हेच सांगतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी कित्येक मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम केला. नियम आहे, आणि ट्यूबही मिळते! तेव्हा पहारा आपणच ठेवला पाहिजे. हीच ट्यूब गोरेपणासाठी चेहऱ्यावर चोळणाऱ्या मुलींची कातडी कागदासारखी पातळ होते आणि तोंडभर तांबड्या पुळ्या येतात.

नागिणीविषयी एक भ्रम फार पसरला आहे. तिचे तोंड आणि शेपूट मिळाले की माणूस जातो, असे म्हणतात. ते खरे नाही. लहानपणी झालेल्या कांजिण्यांचे विष मज्जातंतूत झोपून राहते आणि म्हातारपणी किंवा अशक्तपणात एका मज्जातंतूच्या वाटेने जागे होते, म्हणून पट्टा अंगाच्या एकाच बाजूला उठतो. आधी दोनतीन दिवस आग होते, मग तांबड्या चट्ट्यावर पाण्याचे फोड. गेरूने नाग काढण्यात जे दिवस जातात तेच नेमके मोलाचे असतात, कारण औषध फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू झाले तर चांगला गुण येतो. डोळ्याजवळ नागीण आली तर एक दिवसही थांबू नये.

कधीकधी कातडीवरची गाठ आतली बातमी आणते. नडगीवर दोन्ही पायांना तांबड्या, दुखऱ्या, सुपारीएवढ्या गाठी येतात, पिकत मात्र नाहीत, आणि पुढे मुका मार लागल्यासारख्या निळसर होतात. हा प्रकार पुरुषांपेक्षा बायकांत अधिक आढळतो. कारण घशाचा विकार असू शकते, एखादे औषध असू शकते, गर्भारपण असू शकते, आणि आपल्या देशात क्षयही असू शकतो. तिथे मलम लावून काय होणार? छातीचा फोटो आणि थुंकीची तपासणी लागते.

इथवर मी सांगितले त्यातले बरेच तुम्हांला ठाऊक असेल. ज्यासाठी मी मुख्यतः उभी राहिले ते आता सांगते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी प्लेग ओळखला. प्लेगची गाठ काखेत किंवा जांघेत येई. पुढे घरोघर झडत्या सुरू झाल्या, रेल्वेस्टेशनांवर परके पुरुष बायकांच्या काखा नि जांघा तपासू लागले, आणि लोक संतापले. तो संताप रास्तच होता. पण त्या भयाने गाठी लपवल्या गेल्या, माजघरात आणि धान्याच्या कोठीत माणसे दडवली गेली. त्याच काळात पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात रोगी आणून पोहोचवत होत्या. एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून आणले, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या प्लेगनेच गेल्या. रोग्याला हात लावायला न भिणारी बाई त्या वेळी होती, हे विसरता येत नाही.

झडतीचे ते दिवस गेले, प्लेगची ती साथ गेली, पण पदराखाली गाठ झाकण्याची सवय गेली नाही. मी नोकरीत असताना एक बाई आल्या होत्या. वय चाळिशीच्या आतबाहेर. उजवे स्तन तांबडे, गरम, आणि कातडी संत्र्याच्या सालीसारखी. आठ महिने त्यांनी त्यावर लेप लावले होते. नवऱ्याला सांगितले नाही, सासूला सांगितले नाही. मी विचारले, कुणालाच कसे नाही सांगितले? त्या म्हणाल्या, ‘उष्णतेची गाठ, बसेल वाटलं. आणि सांगणार कुठे, जागा तशी.’ तो कर्करोग होता आणि तो पसरला होता. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर त्या गेल्या. त्यांची धाकटी मुलगी तेव्हा पाचवीत होती.

भगिनींनो, अंगावर पाजणाऱ्या आईला दूध साकळून स्तन तांबडे होते, ठणकते, ताप येतो. त्यात भिण्यासारखे नाही. मुलाला पाजणे बंद करू नये, दूध निघत राहिले पाहिजे, आणि डॉक्टरचे औषध घ्यावे. परंतु पाजत नसलेल्या बाईचे स्तन असे झाले, किंवा औषधाने आठदहा दिवसांत लाली उतरली नाही, तर पुढची तपासणी मागून घ्यावी. आणि एक लक्षात ठेवा. स्तनाच्या कर्करोगाची गाठ बहुतेक वेळा तांबडीही नसते आणि दुखतही नाही. दुखत नाही म्हणून ती निरुपद्रवी, हा आपला हिशेब उलटा आहे. तिशी उलटलेल्या स्त्रियांची स्तनांची, गर्भाशयाच्या मुखाची आणि तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून व्हावी अशी योजना आहे. ‘बाई डॉक्टर कोणत्या दिवशी असतात?’ हे विचारून त्या दिवशी जावे. हे विचारणे म्हणजे चोचले नव्हेत.

लपवण्याच्या गोष्टींत दुसरी आहे कुष्ठरोगाची. त्याची सुरुवात बहुधा फिक्या किंवा तांबूस चट्ट्याने होते आणि त्या चट्ट्यावर टाचणीचे टोक कळत नाही. क्वचित कानाच्या पाळ्या जाड होतात, चेहऱ्यावर चकचकीत गाठी येतात. औषध चालू असतानाही एकाएकी तांबड्या दुखऱ्या गाठी उठू शकतात. ती औषधाची चूक नसते, औषध सोडायचे नसते, डॉक्टरला कळवायचे असते. वडाळ्याचे ॲकवर्थ रुग्णालय १८९० साली निघाले, तेव्हा ह्या रोगाला औषध नव्हते, रोग्याला फक्त आसरा देता येत होता. आपल्या शेजारी पनवेलजवळ नेऱ्याच्या शांतिवनात ह्या रोग्यांसाठी किती काम झाले आहे! आज सहा ते बारा महिन्यांच्या गोळ्यांनी रोग बरा होतो आणि त्या गोळ्या फुकट मिळतात. तरी बायका उशिरा येतात, कारण रोगापेक्षा घराबाहेर काढले जाण्याची भीती मोठी. म्हणून हेही सांगते की कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून जे कायद्यात होते ते २०१९ साली काढून टाकण्यात आले आहे. ज्या घरी ह्याची गरज असेल त्या घरी ही बातमी पोहोचवा, नाव न घेता.

ज्या गाठीला महिनाभरात उतार नाही, जी हात लावताच रक्त देते, जिची जखम भरतच नाही, तिचे निदान करून घेतलेच पाहिजे. पाय एकाच बाजूचा सुजला, तांबडा झाला आणि पोटरी दुखू लागली तर, विशेषतः बाळंतपणानंतर, पाय चेपून घेऊ नये. शिरेत रक्त गोठलेले असू शकते, त्याच दिवशी दाखवावे.

भाषण संपल्यावर पुष्कळ प्रश्न आले. बहुतेकांची उत्तरे वर आलीच आहेत. मागच्या रांगेत बाळाला घेऊन बसलेल्या एका नव्या आईने विचारले की महिन्याच्या बाळाच्या डाव्या दंडावर तांबडी पुळी आली आहे, आता तिच्यात पू दिसतो, सासूबाई हळद लावू म्हणतात, काय करू? मी म्हटले, बाळाला जन्मतः क्षयाची लस टोचली होती ना? तीच ही. टोचल्यावर काही आठवड्यांनी अशी पुळी येते, फुटते, खपली धरते आणि लहानसा व्रण ठेवून आपोआप बरी होते. तिला शेकायचे नाही, मलम लावायचे नाही, पट्टी बांधायची नाही, हळदही नाही. फक्त काखेत मोठी गाठ आली तर दाखवायचे. सासूबाईही शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी लगेच बाही वर करून आपल्या दंडावरचा जुना व्रण सुनेला दाखवला, आणि मग रांगेतल्या सगळ्याच जणी आपापले दंड पाहू लागल्या.